ओले बोंबील आणि चाळीस मिनिटं

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. मेल करून विचारणाऱ्यांनो, मी बरा आहे. शिफ्टची नोकरी, मधे एक बदली, आणि लिहायला बसलं की येणारी झोप, ही नेहमीचीच कारणं. पण या नाताळात चार दिवस उत्तनला मावशीकडे राहून आलो, आणि तिथून जे डोक्यात घेऊन आलो ते लिहून काढल्याशिवाय उतरणार नाही. लांबलं तर सांभाळून घ्या.

ज्यांना उत्तन माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. भाईंदर पश्चिमेला उतरायचं आणि बस धरायची. मुर्धा, राई, मोर्वा मागे पडतात, वाटेत मिठागरं लागतात, आणि मग हळूहळू हवेला खारट आणि सुक्या मासळीचा वास यायला लागतो. कागदोपत्री हे सगळं मीरा-भाईंदर शहरात आहे. प्रत्यक्षात बंदरात डोल जाळ्यांच्या होड्या, चौकच्या किल्ल्याकडे चिमाजी आप्पांचं स्मारक, समुद्राकाठी वेलंकनी मातेचं चर्च, आणि जागा दिसेल तिथे वलांड्यांवर टांगलेले बोंबील. आमच्या भावंडांना हे नव्याने सांगायला नको, मे महिन्याच्या सुट्ट्या सगळ्यांनी तिथेच काढल्यात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकायची, हे काम मला सहा-सात वर्षांचा असताना मावशीने शिकवलं. दात बारीक पण टोकदार असतात. बोटांना ते कळतातच.

आणि गावामागे डोंगर. धारावीचा डोंगर (मुंबईतली धारावी नव्हे, ही वेगळी). दीड दशकाहून जास्त काळ शहराचा कचरा या डोंगरावर येतोय. रोजचा चारशे टनांच्या वर. त्यावरून मोर्चे झाले, प्रकरण पुण्याच्या हरित लवादापर्यंत गेलं, वसई तालुक्यातल्या सकवारच्या जागेची चर्चा वर्षानुवर्षं चालली. डोंगर मात्र वाढत राहिला आणि अधूनमधून पेटत राहिला. कचऱ्याच्या ढिगाला आग लावावी लागते असं नाही. आत कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन निघतो, ढीग आतून तापलेला असतो, एक ठिणगी पुरते. २०१६ च्या जानेवारीत देवनार पेटलं तेव्हा त्याचा धूर उपग्रहांतूनही दिसला होता. उत्तनचा धूर इतका प्रसिद्ध नाही. तो फक्त उत्तनला दिसतो.

मला आठवते ती रात्र काही वर्षांपूर्वीची. मी सुट्टीवर गेलो होतो. रात्री वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, म्हणजे डोंगरावरून गावात. पहाटे जाग आली ती घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटून. मावशी आधीच उठून दाराच्या फटीत ओले कपडे कोंबत होती, इतक्या सरावाने, की जणू रोजचं झाडलोट करतेय. कुणी काय करायला हवं होतं यात मी शिरत नाही. एवढंच सांगतो की त्या आठवड्याचे सुके बोंबील व्यापारी बाईने नाकाशी धरले आणि टोपली तशीच परत केली. सगळी मेहनत झालेली, फक्त वास चुकीचा.

तर, या नाताळात मी पोचलो त्याच संध्याकाळी मावशीने प्रश्न टाकला. गावात कुणीतरी म्हणालं होतं की कचरा जाळून त्याची वीज करायची मशीन येते, पुण्याकडे झालीय, तशी इथे आणली की डोंगरही जाईल आणि धूरही जाईल. मावशी म्हणाली, "तू तिथेच कामाला आहेस ना? मग सांग. हो म्हणायचं का नाही म्हणायचं?"

मी अशा प्रकल्पात काम करतो हे खरं. महाराष्ट्राबाहेर, आणि नाव लिहीत नाही. पंधरा वर्षांच्या नोकरीत मला हा प्रश्न इतका सरळ कुणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "मावशी, ते इतकं सोपं नसतं." ती म्हणाली, "सोपं नसतं ते मला माहीत आहे. सोपं असतं तर तुला कशाला विचारलं असतं?"

मग मी तिला बोंबलांतून समजावायला घेतलं, कारण दुसरं काही सुचेना.

ओल्या बोंबलात शंभरातले जवळजवळ नव्वद भाग पाणी. तो वाळवायचं काम ऊन फुकटात करतं. तेच चुलीवर करायचं म्हटलं तर किती लाकूड लागेल? मावशी हसली. "मग त्या लाकडापेक्षा बोंबील स्वस्त पडेल." बरोबर. एक किलो पाण्याची वाफ करायला सहाशेच्या वर किलोकॅलरी उष्णता खर्च होते. आपल्याकडचा मिसळलेला कचरा तोलला तर साधारण निम्मं वजन पाण्याचंच भरतं, पावसाळ्यात त्याहून जास्त. म्हणजे भट्टीत टाकलेला कचरा आधी स्वतःला वाळवण्यात आपली ताकद घालवतो, मग काही उरलं तर जळतो, आणि त्यातून उरलं तर वीज. २०१६ च्या घनकचरा नियमांनी किलोला १५०० किलोकॅलरी ही रेघ आखली होती: त्याच्या वरचा कचरा पुरायचा नाही, त्यातून ऊर्जा घ्यायची. आकडा ठीक आहे. पण तो ओल्या कचऱ्याला लागू करून बघा.

दिल्लीत तिमारपूरला १९८७ मध्ये हे करून बघितलंय. डेन्मार्कचं तंत्र, रोजचे ३०० टन, पावणेचार मेगावॉट. काही आठवड्यांत बंद. भट्टीला जेवढी उष्णता अपेक्षित होती त्याच्या निम्मीही त्या कचऱ्यात नव्हती. माती, राख, भाजीचे देठ. मशीन चांगलं होतं, पण ते डॅनिश कचऱ्यासाठी केलेलं होतं. आमच्या धंद्यात नवीन पोरांना ही गोष्ट पहिल्या आठवड्यात सांगतात आणि दुसऱ्या आठवड्यात सगळे विसरतात.

पिंपरी-चिंचवडचा मोशीचा प्रकल्प मात्र खरा. १ ऑगस्ट २०२३ ला त्याचं उद्घाटन झालं, वर्षाला अडीच लाख टन कचरा घेण्याची त्याची योजना. तेव्हा "होतच नाही" असं मी म्हणणार नाही, मावशीलाही म्हटलं नाही. कोपनहेगनमध्ये तर अशा प्रकल्पाच्या छपरावर घसरगुंडी केलीय, लोक तिथे स्कीइंग करतात. हे सांगितल्यावर मावशी बराच वेळ हसत होती. "आणि खाली भट्टी?" खाली भट्टी.

भट्टी कशी चालते तेही सांगितलं. कचरा आधी मोठ्या खड्ड्यात चार-सहा दिवस ठेवायचा, म्हणजे पाणी निथळतं. त्या काळ्या पाण्याचं वेगळं शुद्धीकरण करावं लागतं. वरून क्रेनचा पंजा कचरा उचलतो, टाकतो, पुन्हा उचलतो. हे खेळल्यासारखं दिसतं, पण क्रेनवाला ओलं-सुकं सारखं मिसळत असतो. चांगला क्रेनवाला म्हणजे निम्मी भट्टी! मग सरकत्या जाळीवर कचरा जळत पुढे जातो. त्यातून निघणारा वायू निदान साडेआठशे अंशांवर दोन सेकंद तरी राहायला हवा. दोन सेकंद म्हणजे किती, तर "आमेन" म्हणायला लागतात तेवढे. तेवढ्यात विषारी संयुगं मोडतात. तापमान पडलं किंवा हवा नीट मिसळली नाही, तर ती मोडत नाहीत. पुढे धूर थंड होताना नीट काळजी घेतली नाही तर डायॉक्सिन नव्याने तयार होतात, अडीचशे ते साडेचारशे अंशांच्या दरम्यान. म्हणून चुना आणि कोळशाची भुकटी धुरात मारायची, मग कापडी पिशव्यांच्या गाळणीतून धूर काढायचा आणि शेवटी चिमणी.

"आणि राख?" मावशी. हा प्रश्न मोठे मोठे लोक विचारायला विसरतात. शंभर टन जाळले तर वीस-पंचवीस टन राख उरते, आपल्या कचऱ्यात माती जास्त म्हणून कधी त्याहून अधिक. जाळीखालची जाड राख एक वेळ कुठे वापरता येईल. पण गाळणीत अडकलेली बारीक राख म्हणजे धुरातून जे जे काढलं ते सगळं तिच्यात. ती घातक कचऱ्याच्या भरावावरच न्यावी लागते, तळोज्याला आहे तशा.

आणखी एक गोष्ट तिला आवडली नाही. डोंगरावर आज जो साठलाय तो जुना कचरा असली भट्टी खाणार नाही. त्यातलं कुजण्यासारखं कुजून गेलंय, उरलीय बरीचशी माती, दगड आणि मळकं प्लास्टिक. तो उकरून, चाळून वेगळा करावा लागतो. म्हणजे मशीन आणलं तरी डोंगर आपोआप जात नाही.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मी माहीतगार भाचा, समोर कोरा चहा, नाताळच्या करंज्या. मग तिने विचारलं, "धूर वाईट आहे का चांगला ते कळतं कसं?"

मी मॉनिटरचं सांगितलं. चिमणीला यंत्रं बसवलेली असतात. धूलिकण, कार्बन मोनॉक्साइड, सल्फर, नायट्रोजनचे वायू, हायड्रोक्लोरिक आम्ल, सगळ्याचे आकडे मिनिटामिनिटाला थेट प्रदूषण मंडळाच्या संगणकावर जातात. २००० च्या नियमांत धूलिकणांची मर्यादा १५० मिलिग्रॅम होती, ती २०१६ मध्ये ५० झाली. डायॉक्सिनचा तर २००० च्या नियमांत उल्लेखच नव्हता, २०१६ मध्ये ०.१ नॅनोग्रॅम ही मर्यादा आली. नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा अब्जावा भाग. कागदावर आपण युरोपच्या जवळ आहोत.

"ते डायॉक्सिनचं यंत्र पण मिनिटाला सांगतं?"

नाही. ते नाही सांगत. त्यासाठी प्रयोगशाळेची माणसं येतात, चिमणीवर चढतात, सहा ते आठ तास नमुना घेतात, आणि निकाल यायला आठवडे लागतात. बाकीचे दिवस तापमान आणि कार्बन मोनॉक्साइड बघून अंदाज करायचा. ते दोन्ही जागेवर असतील तर बहुधा डायॉक्सिनही ताब्यात.

"आणि ते जागेवर नसतील तेव्हा?"

मंडळी, इथे मी थांबलो. कारण ते जागेवर नव्हते ती एक रात्र मला माहीत आहे. त्या रात्री शिफ्ट माझी होती. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. (वाचतेयस, माहीत आहे. रात्री बोलू.)

ऑगस्ट महिना. तीन दिवस पाऊस. खड्ड्यातला कचरा म्हणजे नुसता चिखल, पंजातून पाणी गळत होतं. पहाटे तीनच्या सुमारास भट्टीचं तापमान पडायला लागलं. ८५०, ८१०, ७८०. अशा वेळी मदतीला डिझेलचा बर्नर असतो. तो पेटेना. नियम अगदी स्पष्ट आहे: तापमान पडलं की कचरा टाकणं थांबवायचं. पण कचरा थांबवला की वाफ पडते, वाफ पडली की टर्बाइन ट्रिप होतं, वीज बंद, सकाळी सात फोन. मी कचरा थांबवला नाही. कार्बन मोनॉक्साइडची अर्ध्या तासाची मर्यादा १००. पडद्यावर तीनशेच्या वर आकडा होता आणि चढत होता. मी उठलो, अ‍ॅनालायझर कॅलिब्रेशनवर टाकला आणि लॉगबुकात लिहिलं: "कॅलिब्रेशन, ४० मिनिटे." यंत्राची तपासणी चालू आहे असं एकदा दाखवलं की त्या वेळचे आकडे हिशेबात धरत नाहीत. चाळीस मिनिटांत बर्नर लागला, तापमान वर आलं, मी यंत्र परत चालू केलं. खाली माझी सही.

कुणीही विचारलं नाही. पहाटे तीनला कॅलिब्रेशन कोण करतं, एवढा साधा प्रश्नही नाही.

म्हणजे, एकीने विचारलं. गेटबाहेर एक बाई चहाची टपरी चालवायची, मागेच तिची झोपडी. सहाला शिफ्ट सुटल्यावर मी चहाला गेलो तर म्हणाली, "रात्री काय जाळलंत साहेब? धूर कडू होता. पोरं खोकत होती." मी म्हणालो, "पाऊस आहे ना, धूर खाली बसतो." ती म्हणाली, "पाऊस तर तीन दिवस आहे." आणि चहाचे पैसे घेतले नाहीत. का घेतले नाहीत ते मला आजही कळलेलं नाही.

डायॉक्सिनचा नमुना त्या वर्षी फेब्रुवारीत घेतला होता. सुका कचरा, भट्टी शहाण्यासारखी चाललेली, दोन दिवस आधीपासून आम्ही तयारीत. निकाल मर्यादेच्या आत आला. तो खोटा नव्हता. त्या आठ तासांपुरता अगदी खरा होता.

हे सगळं मी मावशीला सांगितलं. ती काही बोलली नाही. उठून वलांडीवरचे बोंबील चाचपून आली, दव पडायच्या आत. परत येऊन बसली आणि म्हणाली, "म्हणजे मशीन खोटं नाही बोललं. तू बोललास."

"हो."

"त्या बाईला नंतर काय सांगितलंस?"

"काही नाही. पुढे बदली झाली."

बराच वेळ दोघंही गप्प. लांब कुठेतरी नाताळची गाणी लागली होती. मग तिने जे विचारलं ते माझ्या पंधरा वर्षांत कुठल्या जनसुनावणीत ऐकलं नाही. "इथे आणलं तर रात्री तीनला तुला विचारणारं कोण असेल? ते आधी सांग. मग हो का नाही ते आम्ही बघू."

मी विचार केला आणि खरं तेच सांगितलं, की आजच्या पद्धतीत असं कुणी नसतं. पण असू शकतं. चिमणीचे आकडे गावातल्या नाक्यावर मोठ्या फलकावर लावता येतात. नियमांत ती सोय अशक्य नाही, खर्चही नगण्य. कॅलिब्रेशनच्या वेळा आधी जाहीर करायला लावता येतात, म्हणजे पहाटे तीनचं कॅलिब्रेशन लगेच डोळ्यांत भरेल. डायॉक्सिनचा नमुना पावसाळ्यात आणि न सांगता घ्या अशी अट करारात घालता येते. तापमान पडलं की कचऱ्याचा दरवाजा आपोआप बंद होईल आणि तो शिफ्टवाल्याला उघडता येणार नाही, अशी कडीही घालता येते. आमच्याकडे ती होती. तिची किल्ली माझ्या खिशात होती, एवढाच घोळ.

आणि करारात रोज इतके टन कचरा देऊच अशी हमी असेल तर सावध व्हा, असंही म्हटलं. मग शहराला ओलं-सुकं वेगळं करण्यात रस उरत नाही, कारण भट्टीचं पोट भरायचं असतं. माझं स्वतःचं मत विचाराल तर ओला कचरा आधी वेगळा निघू दे, त्याचं खत किंवा गॅस होऊ दे. मग जाळायला किती उरतं ते मोजा. कदाचित मशीन लहान लागेल, कदाचित लागणारच नाही. माझ्याच पोटावर पाय आहे हा, पण आहे ते आहे.

मावशी म्हणाली, "हे सगळं लिहून दे. बायका बंदरावर जमतात तेव्हा वाचून दाखवायला बरं. मला एवढं लक्षात राहायचं नाही." तिच्या सगळं लक्षात राहतं, पण ते असो.

दुसऱ्या दिवशी दुपारी बसून दोन पानं लिहिली. सुरुवात मोशी-कोपनहेगनपासून केली होती, ती फाडली. मग पहिल्या ओळीपासून त्या ऑगस्टची चाळीस मिनिटं लिहिली, किल्लीसकट, चहावाल्या बाईसकट. बाकीचं त्याच्या खाली. खाली सही केली, नेहमीची, इंग्रजीतली, लॉगबुकात करतो तशी.

मावशीने चष्मा लावून दोन्ही पानं सावकाश वाचली. सहीपाशी थांबली. "हे काय गिचमिड? नाव कळत नाही कुणाचं आहे ते." पेन माझ्या हातात दिलं. मी खाली मराठीत पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. तिने कागद घडी करून रेशनकार्डाच्या डब्यात ठेवला, आणि मला निघताना तीन पिशव्यांत गुंडाळून दोन किलो बोंबील दिले. ट्रेनमध्ये तरीही वास आलाच.